डूख आणि दंड

रायपूरहून धमतरीकडे निघाले म्हणजे वाटेत अभनपूर लागते. तहसिलीचे हे ठिकाण सभोवार पसरलेल्या धानाच्या शेतांमध्ये वसलेले आहे. विसाव्या शतकात येथे अरुंद लोहमार्गाचे जंक्शन होते. एक फाटा धमतरीस जाई आणि दुसरा महानदी, पैरी व सोंढूर यांच्या संगमावरील राजिमला. अठराव्या शतकात नागपूरकर भोसल्यांचा अंमल या मुलुखावर बसला, मराठी कुटुंबे रायपुराकडे आली आणि स्थिरावली. तेव्हा छत्तीसगडची ही भूमी मराठी श्रोत्यांना अगदीच अनोळखी नाही. तिचे एक वैभव मात्र आपल्याकडे थोड्यांनीच जवळून पाहिले असेल. ते म्हणजे पंडवानी.

पंडवानी म्हणजे पांडवांची वाणी, गाऊन आणि करून दाखवलेले महाभारत. गायकाच्या हाती तंबुरा, मागे वाद्ये वाजवणारे साथीदार, आणि दर दोन वाक्यांमागे हुंकार भरणारा, मध्येच भाबडे प्रश्न विचारणारा ‘रागी’. गायक बसून गातो ती वेदमती शाखा. उभा राहून, हिंडून, अभिनय करीत गातो ती कापालिक. झाडूराम देवांगन यांनी वेदमती शाखेला मोठी प्रतिष्ठा मिळवून दिली. कापालिक शाखा देशोदेशी नेली ती दुर्गजवळच्या गनियारी गावी जन्मलेल्या तीजनबाईंनी. २०१९ साली त्यांना पद्मविभूषण हा सन्मान मिळाला. त्यांच्या गायनात जो प्रसंग सर्वांत गाजला तो दुःशासनवधाचा. भीम रणात उतरतो, हातातल्या तंबुऱ्याची गदा होते आणि सभेत द्रौपदीच्या केसांना हात घालणाऱ्या दुःशासनाची छाती फोडली जाते.

या प्रसंगापाशी विचारी माणसाने थोडे थांबावे असे आहे. समोर बसलेले श्रोते कोण असतात? दिवसभर शेतात राबून आलेले, मुंगीवर पाय पडू नये म्हणून जपणारे, दारी आलेल्यास विन्मुख न पाठवणारे लोक. अशा लोकांना एका माणसाने दुसऱ्याचे रक्त प्यावे ही कथा ऐकताना किळस येत नाही. उलट काहीतरी फिटले, काहीतरी जागच्या जागी बसले, असे समाधान वाटते. हे समाधान कशाचे? आणि ज्या ग्रंथाला आपण धर्मग्रंथ मानतो त्या ग्रंथाने ते आपल्याला का देऊ केले?

उत्तराचा आरंभ आपल्या भाषेपासूनच करता येईल. मराठीत सुडासाठी जे शब्द आहेत ते मोठे बोलके आहेत. आपण सूड ‘उगवतो’. म्हणजे तो आधी कोठेतरी पेरलेला असतो. आपण उट्टे काढतो, वचपा काढतो, उसने फेडतो. ही सारी देण्याघेण्याची, हिशेबाची भाषा आहे. ज्याचा अपमान झाला त्याच्या मनात एक येणे थकलेले असते आणि ते वसूल झाल्यावाचून त्याला चैन पडत नाही. दुसरा शब्द याहून भयंकर आहे. आपण डूख धरतो. तो शब्द सापाचा. दुखावलेला साप माणसाला लक्षात ठेवतो आणि वर्षांनंतरही त्याला शोधीत येतो, अशी लोकांची समजूत. ती सापाच्या बाबतीत खरी नाही हे प्राणिशास्त्र सांगते. ती माणसाच्या बाबतीत खरी आहे. आपल्याच स्वभावातली एक गोष्ट माणसाने सापाच्या माथी मारली, इतकेच.

माणसाच्या या स्वभावाकडे अभिजात साहित्याने कधी डोळेझाक केली नाही. सूड हा राक्षसांचा दुर्गुण आहे आणि सज्जनांना तो शिवत नाही, असे महाभारत म्हणत नाही. ते सूडाची भावना सर्वांत तेजस्वी अशा स्त्रीच्या हृदयात ठेवते आणि ती तेथे का आली हेही स्पष्ट दाखवते. द्यूतसभेत द्रौपदीने पहिल्याने सूड मागितला नव्हता. तिने एक प्रश्न विचारला होता. स्वतःला हरून बसलेल्या नवऱ्याला बायको पणाला लावण्याचा अधिकार उरतो काय, हा तिचा प्रश्न निव्वळ कायद्याचा होता. सभेत भीष्म होते, द्रोण होते, विदुर होते. विदुराने आणि विकर्णाने तोंड उघडले. पण ज्यांच्या शब्दाला वजन होते त्यांनी धर्माची गती सूक्ष्म आहे असे सांगून माना खाली घातल्या. भीमाची प्रतिज्ञा या मौनानंतरची आहे. न्यायाने जेथे उत्तर द्यावयाचे तेथे ते मिळाले नाही, तेव्हा सूड उभा राहिला.

द्रौपदीने आपली वेणी कौरवांच्या रक्ताने माखलेल्या हातांनीच बांधली जाईल तोवर केस मोकळे ठेवले, ही कथा आपण भट्टनारायणाच्या ‘वेणीसंहार’ नाटकामुळे विशेष ओळखतो. व्यासांची द्रौपदी काय करते? उद्योगपर्वात श्रीकृष्ण शिष्टाईला निघतात तेव्हा ती आपले केस हातात धरून त्यांच्यासमोर येते आणि तह बोलताना या केसांची आठवण ठेवा, असे विनवते. तेरा वर्षे लोटली होती. राज्य गेल्याचे दुःख वनवासात बोथट झाले असेल. केसांना लागलेला तो हात मात्र तिला जणू कालचा होता. सूड म्हणजे मुख्यतः स्मरणशक्ती आहे हे इतक्या थोडक्यात दुसऱ्या कोणी दाखवले असेल असे वाटत नाही.

विराटपर्वात हाच प्रसंग लहान प्रमाणावर पुन्हा घडतो. सैरंध्री झालेल्या द्रौपदीला कीचक भर राजसभेत लाथ मारतो. ती विराटाकडे दाद मागते. कीचक हा विराटाचा मेहुणा आणि सेनापती. त्याच्यावाचून राज्याचे चालत नाही. राजा गप्प राहतो. मग ती रात्री पाकशाळेत जाऊन भीमाला जागे करते. दिवसा राजसभेत जे मिळत नाही ते रात्री पाकशाळेत मागावे लागते, यात राज्यशास्त्राचा केवढा तरी धडा आहे! कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर यांनी १९०७ साली ‘कीचकवध’ रंगभूमीवर आणले तेव्हा मराठी प्रेक्षकांनी हा धडा बरोबर ओळखला. कीचकाच्या जागी त्यांना लॉर्ड कर्झन दिसला आणि १९१० साली सरकारने त्या नाटकावर बंदी घातली. सरकारला नाटकातल्या भीमाचे भय वाटले. भय वाटावयास हवे होते ते गप्प बसणाऱ्या विराटाचे. कारण कीचकाने लाथ मारली आणि विराट गप्प बसला, म्हणूनच भीमाला उठावे लागले.

येथवर सूड आपल्याला न्यायाचा धाकटा भाऊ वाटतो. व्यास येथे थांबले असते तर महाभारत हे एक उत्तम वीरकाव्य झाले असते. ते थांबले नाहीत. सुडाचा हिशेब कोठे बंद होतो, हा पुढचा प्रश्न त्यांनी विचारला.

हा हिशेब मुळापासून पाहण्यासारखा आहे. द्रोण आणि द्रुपद हे बालपणीचे सोबती, एका गुरूच्या आश्रमात वाढलेले. पुढे द्रुपद राजा झाला आणि दरिद्री द्रोण जुन्या स्नेहाची आठवण घेऊन त्याच्याकडे गेला. राजाची आणि भिकाऱ्याची मैत्री कसली, अशा आशयाचे उत्तर त्याला मिळाले. द्रोणाने कुरुकुलातील राजपुत्रांना धनुर्विद्या शिकवली आणि गुरुदक्षिणा म्हणून द्रुपदाला बांधून आणवले. त्याचे अर्धे राज्य घेतले. द्रुपदाने यज्ञ करून द्रोणाला मारणारा पुत्र मागितला, तो धृष्टद्युम्न. त्याच यज्ञातून द्रौपदीही आली. धृष्टद्युम्नाने रणात शस्त्र खाली ठेवून बसलेल्या द्रोणाचे मस्तक उडवले. म्हणून अश्वत्थामा उठला. युद्ध संपलेल्या रात्री एका वडाखाली तो जागा होता. झोपलेल्या कावळ्यांवर घुबड येऊन पडले आणि त्यांचा संहार केला, हे त्याने पाहिले. कृपाचार्यांनी त्याला सकाळपर्यंत थांबण्यास सांगितले, पण तो थांबला नाही. त्याने निजलेल्या धृष्टद्युम्नाला मारले, आणि द्रौपदीच्या पाचही मुलांना मारले. एवढ्यानेही भागले नाही. त्याचे अस्त्र उत्तरेच्या उदरातील गर्भावर जाऊन पडले.

हिशेबाची सुरुवात एका तोंडच्या शब्दाने झाली होती. तो पोहोचला एका न जन्मलेल्या बालकापर्यंत. या साखळीतील प्रत्येकाला आपली नोंद ही खात्यातली शेवटची नोंद वाटते. आपण केले ते देणे चुकते केले, अशी प्रत्येकाची प्रामाणिक समजूत असते. पण सुडाच्या वहीत एकाने फेडलेले देणे ही दुसऱ्याची नवी थकबाकी असते. ज्याला गावातील भाऊबंदकी ठाऊक आहे, हातभर बांधावरून सुरू झालेले वैर नातवांच्या पिढीत कुऱ्हाडीपर्यंत गेलेले ज्याने पाहिले आहे, त्याला ही कथा पुराणातील वाटणार नाही.

ग्रीकांनीही हाच प्रश्न विचारला होता. इसवी सनापूर्वी ४५८ मध्ये एस्किलसने अथेन्समध्ये आपली तीन नाटकांची ‘ओरेस्टेइया’ सादर केली. ट्रॉयच्या स्वारीसाठी अनुकूल वारा मिळावा म्हणून अ‍ॅगॅमेम्नॉनने आपली मुलगी बळी दिली. तो विजयी होऊन परतला तेव्हा त्याच्या पत्नीने, क्लायटेम्नेस्ट्राने, त्याला ठार केले. मुलगा ओरेस्टिस याने बापासाठी आईला मारले. मग रक्ताचा माग काढणाऱ्या सूडदेवता त्याच्या मागे लागल्या. आता ओरेस्टिसला कोणी मारावे? कवीने येथे नवे काहीतरी केले. अथीना देवीने अथेन्सच्या नागरिकांचे न्यायासन बसवले. दोन्ही बाजू ऐकल्या गेल्या. मते समसमान पडली आणि अथीनेच्या मताने ओरेस्टिस सुटला. इतिहासातील दिवाणी-फौजदारी कचेऱ्यांचे हे जणू काव्यमय जन्मटिपण आहे.

परंतु या नाटकाचा खरा मोठेपणा निकालानंतर आहे. हरलेल्या सूडदेवता संतापून नगराला शाप देऊ लागतात. अथीना त्यांना हाकून देत नाही. ती त्यांची समजूत काढते, त्यांना नगरीत स्थान देते, पूजा देते, आणि त्या कल्याणकारिणी होतात. माणसाच्या मनातील सूडबुद्धी नष्ट करता येत नाही. तिला न्यायाच्या घरात जागा द्यावी लागते, असा याचा अर्थ. कायद्यातील शिक्षा ही तीच जागा आहे. अपराध्याला शासन होते तेव्हा दुखावलेल्या माणसाच्या मनातील रास्त संतापाला समाज सांगतो की, तुझे म्हणणे ऐकले, आता तुला शस्त्र उचलण्याचे कारण नाही. भारतात १८६० च्या दंडसंहितेची जागा १ जुलै २०२४ पासून भारतीय न्यायसंहितेने घेतली. नावातून दंड गेला, न्याय आला. शिक्षा अर्थातच राहिली. कारण दंड जर नाहीसा झाला, किंवा असूनही वीस वीस वर्षे मिळालाच नाही, तर त्या देवता पुन्हा बाहेर पडतात आणि त्यांचे रूप मग कल्याणकारिणीचे नसते.

शेक्सपिअरचा ‘हॅम्लेट’ मराठीत आला तो गोपाळ गणेश आगरकरांच्या हातून. १८८२ साली डोंगरीच्या तुरुंगात असताना आगरकरांनी त्यावर काम केले आणि पुढील वर्षी तो ग्रंथरूपाने निघाला. त्यांनी त्याला नाव दिले ‘विकारविलसित’. विकारांचा हा खेळ आहे हे त्या विचारवंताने नावातच सांगून टाकले. या नाटकात बाप मारला गेलेले तीन मुलगे आहेत, हे पुष्कळदा आपल्या ध्यानात येत नाही. हॅम्लेट विचार करीत राहतो. लेअर्टिस मुळीच विचार करीत नाही. दोघेही मरतात आणि त्यांच्याबरोबर सारे राजघराणे बुडते. तिसरा फॉर्टिन्ब्रास. बापाचे गेलेले मुलूख परत घेण्यासाठी तो सैन्य जमवतो, पण चुलत्याने सांगताच तो बेत सोडतो. शेवटी प्रेतांनी भरलेल्या त्या दरबारात तोच येऊन उभा राहतो आणि राज्य त्याच्याकडे जाते.

आता पुन्हा द्रौपदीकडे वळू. कारण हिशेब थांबवण्याचा जो क्षण महाभारतात आला, तो तिच्याजवळच आला. पाच मुलांची प्रेते तिच्यापुढे होती. अश्वत्थाम्याचा वध झाल्याचे ऐकले नाही तर अन्नपाण्यावाचून प्राण देईन, असे म्हणून ती बसली. अश्वत्थामा जिंकला गेला, पण जिवंत सुटला. त्याच्या मस्तकावरील मणी काढून भीमाने तिच्या हाती दिला. त्यावर द्रौपदी म्हणते की, माझे ऋण फिटले. गुरूचा पुत्र मला गुरूच्याच ठिकाणी आहे. आणि तो मणी ती युधिष्ठिराच्या मस्तकी ठेवायला सांगते. ‘उसने फेडणे’ हा मराठी शब्द आणि व्यासांच्या द्रौपदीचा हा शब्द एकच आहे. फरक इतकाच की, पाच प्राणांच्या देण्यापोटी तिने एक मणी घेतला आणि खाते बंद केले. ती दुबळी म्हणून नव्हे. वनपर्वात क्षमेचे गोडवे गाणाऱ्या युधिष्ठिराला, नित्य क्षमाही बरी नव्हे आणि नित्य उग्रताही बरी नव्हे, हे प्रल्हाद आणि बळी यांच्या संवादाचा आधार घेऊन सांगणारी तीच होती.

भागवताच्या प्रथम स्कंधात ही कथा आणखी कोमल झाली आहे. तेथे अर्जुन अश्वत्थाम्याला बांधून द्रौपदीपुढे आणतो आणि तीच त्याला सोडा म्हणते. कारण असे की, त्याची आई कृपी अजून जिवंत आहे; आपण मुलांसाठी रडतो तशी तिने रडू नये. दुसऱ्या पक्षातही एक आई आहे, एवढे तिला त्या अवस्थेत दिसले. या प्रथम स्कंधावर वल्लभाचार्यांची ‘सुबोधिनी’ टीका आहे, आणि वल्लभाचार्यांचे परंपरेने मानलेले जन्मस्थान चंपारण्य हे याच रायपूर जिल्ह्यात, राजिमजवळ आहे. भीमाची गदा जेथे रात्र रात्र गाजते आणि द्रौपदीच्या क्षमेचा अर्थ सांगणाऱ्या आचार्यांचे स्मरण जेथे होते, ती दोन्ही स्थाने अभनपूरच्या आसपासच्या एकाच धानाच्या पट्ट्यातील आहेत.

या क्षमेसंबंधी एक सावधगिरी मात्र बाळगली पाहिजे. तिला क्षमा करण्याचा अधिकार होता, कारण मुले तिची गेली होती. सभेत मुकाट बसलेल्या भीष्मांनी तिला झाले गेले विसरून जा असे सांगितले असते तर ती क्षमा झाली नसती. तो दुसरा अपमान झाला असता. क्षमा दुखावलेल्याने करावयाची असते. सत्तेने द्यावयाचा असतो तो न्याय. तेच भीष्म पुढे शरशय्येवर पडल्या पडल्या युधिष्ठिराला दंडनीती शिकवतात, दंडावाचून प्रजा एकमेकांना गिळतील असे बजावतात. हे ज्ञान त्यांना सभेतही होते. ते त्या दिवशी बोलून दाखवले असते तर शांतिपर्वाच्या आधीची कितीतरी पर्वे लिहावी लागली नसती.

महाभारताचा आरंभ कोठे होतो हे आठवले म्हणजे या साऱ्याचा अर्थ पुरता उलगडतो. उत्तरेच्या पोटी वाचलेला तो गर्भ म्हणजे परीक्षित. त्याला तक्षक नाग डसला. तक्षकाचीही बाजू होती. खांडववन जाळले गेले तेव्हा त्याची बायको मारली गेली होती. परीक्षिताचा मुलगा जनमेजय याने बापासाठी सर्पसत्र मांडले. त्याला चिथावले उत्तंकाने, ज्याचे तक्षकाशी स्वतःचे वैर होते. खाजगी डूख राज्याच्या बळावर कसा पोसला जातो याचा हा जुना दाखला. अपराधी एक नाग, आणि अग्नीत पडू लागले सर्व नाग. त्या यज्ञाच्या धुरात वैशंपायनांनी जनमेजयाला महाभारत सांगितले. म्हणजे सुडाची ही सर्वांत मोठी कथा सूड घेत असलेल्या एका राजाला त्याचा सूड चालू असतानाच ऐकवली गेली!

तो यज्ञ थांबवला आस्तिकाने. त्याचा बाप ब्राह्मण ऋषी होता आणि आई वासुकीची बहीण, नागकन्या. एका पक्षाचे रक्त आणि दुसऱ्या पक्षाचेही रक्त त्याच्या अंगात होते. कोणत्याही एका बाजूचा माणूस तेथे ऐकला गेला नसता; दोन्हीकडची आई आणि दोन्हीकडचा बाप ज्याला आपले वाटतात त्याचा शब्द मात्र राजाला मोडवला नाही. न्यायाधीशाने, तहसीलदाराने, पंचाने, गावातल्या वडीलधाऱ्या माणसाने वादी-प्रतिवादींच्या मध्ये बसताना मनाने व्हावयाचे असते ते हेच.

पंडवानीत दुःशासन पडतो, रागी हुंकार भरतो, आणि थोड्या वेळाने गायक पुन्हा पुढच्या कथेला लागतो. गदा झालेला तंबुरा पुन्हा तंबुरा होतो आणि त्याच्यावर बोटे फिरू लागतात. ऐकणारा शेतकरी पहाटे घरी जातो. त्याच्याही बांधाला कोणाचा तरी बांध लागून असतो, तहसिलीत कदाचित त्याचा एखादा अर्जही पडून असतो. रात्री त्याने भीमाच्या हातून आपला संताप ओतून टाकलेला असतो. सकाळी त्या अर्जावर वेळेवर निकाल मिळाला, तर त्याला भीम व्हावे लागत नाही.